एक्स-रेवाली ताई: मॅमोग्राफीचा थोडा इतिहास

या भागात किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज एका कामाचा इतिहास आहे. हे काम करणारं माणूस तुमच्या गावातही असतं, पण त्याच्याबद्दल कुणी कधी काही बोलत नाही.

माझी मामेबहीण धुळ्यात मॅमोग्राफी करते. म्हणजे बायकांच्या छातीचा एक्स-रे काढते, गाठ आहे का हे बघण्यासाठी. पदवी, ट्रेनिंग, सगळं आहे. पण नातेवाइकांत तिची ओळख एकच, "ती एक्स-रेवाली". निम्म्या लोकांना वाटतं की ती नुसतं बटण दाबते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मलाही सगळे "कम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर सोडतात, त्यामुळे आमचं छान जमतं. तर प्रश्न असा, की बटण दाबायच्या आधी ती काय करते, आणि ते काम आलं कुठून?

एक्स-रेचा शोध 8 नोव्हेंबर 1895चा, जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमध्ये. रोंटगेननं बायकोच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि अंगठी दिसली, पुढचं सगळ्यांनी शाळेत वाचलंय. हाड दिसणं सोपं असतं. स्तनात हाड नसतं. चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि गाठ, हे तिन्ही एक्स-रेला जवळजवळ सारखेच दिसतात. धुक्यात पांढरी म्हैस शोधण्यासारखं आहे ते.

बर्लिनच्या अल्बर्ट सालोमन नावाच्या सर्जननं 1913 साली यावर पहिलं मोठं काम केलं. त्यानं सुमारे 3,000 स्तनांचे एक्स-रे तपासले, पण ते सगळे ऑपरेशन करून काढून टाकलेले. जिवंत बाईचा फोटो काढायचा तर ती श्वास घेते, हलते, घाबरते. 1930 साली अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरननं जिवंत पेशंटवर प्रयत्न केले. जमलं, पण तसं दुसऱ्याला जमेना.

मग आला उरुग्वेचा राउल लेबोर्न. 1949च्या सुमारास त्यानं दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक, काही कॅन्सरमध्ये मिठाच्या कणांसारखे कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसतात. दोन, ते दिसायला हवे असतील तर स्तन नीट दाबून पसरवावा लागतो. आज मॅमोग्राफीला बायका ज्या कारणासाठी घाबरतात, तो दाब इथून आला. दाबल्यामुळे जाडी कमी होते, एकावर एक आलेला भाग सुटा होतो, हालचाल थांबते आणि रेडिएशनही कमी लागतं. दुखतं, हे खरं. पण तो दाब उगाच नाही.

माझ्या मते या गोष्टीतला खरा हिरो रॉबर्ट ईगन. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन हॉस्पिटलमधला डॉक्टर. त्यानं कारखान्यात धातू तपासायला वापरतात तसली बारीक फिल्म घेतली, व्होल्टेज कमी केलं, करंट आणि वेळ वाढवला, आणि 1960 साली 1,000 तपासण्यांचा अभ्यास छापला. त्याची पद्धत शिकवता येत होती, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. पुढे अमेरिकेतल्या 24 संस्थांमध्ये तपासून बघितलं की ईगनला जमतं ते इतरांना जमतं का. जमलं. आमच्या भाषेत सांगायचं तर तोपर्यंत कोड फक्त लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर चालत होता, आता तो सगळीकडे चालायला लागला. आणि शिकायचं होतं ते डॉक्टरांइतकंच, किंबहुना जास्त, टेक्नॉलॉजिस्टना.

त्यानंतर फ्रान्समध्ये शार्ल ग्रो यांनी कंपनीबरोबर खास स्तनासाठीचं मशीन केलं, 1960च्या दशकाच्या मध्यात. त्यात मॉलिब्डेनमचा अ‍ॅनोड होता, म्हणून मऊ भागातला फरक ठळक दिसायला लागला. इकडे न्यूयॉर्कमध्ये 1963 साली सुमारे 62,000 बायकांवर मोठी चाचणी सुरू झाली, आणि तपासणीमुळे मृत्यू कमी होतात असं तिच्यातून पहिल्यांदा दिसलं.

या सगळ्या गोष्टीत नावं आहेत ती डॉक्टरांची. ते फोटो ज्यांनी काढले त्यांची नावं मला कुठल्याच कथेत सापडली नाहीत. एक अपवाद आहे, तोही वाईट. हॅम्बुर्गमध्ये 1936 साली एक्स-रे आणि रेडियममुळे मेलेल्या लोकांचं स्मारक उभारलं, त्यावर पहिल्यांदा 169 नावं कोरली. त्यात डॉक्टरांबरोबर नर्स आणि टेक्निशियनही आहेत. ताईच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, तिला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा. तो त्या दगडावरच्या माणसांमुळे आहे.

आता बटणाच्या आधीचं काम. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून खाली, एक तिरका. तिरका सगळ्यात अवघड. बाईनं हात वर करून मशीनच्या कोपऱ्यावर ठेवायचा, खांदा सैल सोडायचा, आणि टेक्नॉलॉजिस्टनं स्तन हातानं पुढे ओढून, वर उचलून, सुरकुती न पडू देता प्लेटवर पसरवायचा. छातीचा स्नायू फोटोत स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. तो नाही दिसला तर मागचा भाग राहिला. आणि तिथेच गाठ असली, तर ती फोटोतच नाही. मग रिपोर्ट "नॉर्मल". ती गाठ जगातला कुठलाही रेडिऑलॉजिस्ट शोधू शकत नाही. अमेरिकेत 1992च्या कायद्यानंतर टेक्नॉलॉजिस्टला स्वतंत्रपणे काम करण्याआधी देखरेखीखाली 25 तपासण्या कराव्या लागतात, ते यामुळेच.

आता हे धुळ्यात करून बघा. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याहून एसटीनं आलेली बाई. नवऱ्यासमोरही पदर न सोडणारी. लहानपणापासून मला एक्स-रेच्या खोलीत पुरुषच दिसले, तिच्याही डोक्यात तेच असतं. ताई दार लावते, अहिराणीत विचारते, "दुखस का माय?" आणि खांदे खाली येतात. खांदे खाली आले नाहीत तर स्नायू ताठ राहतो, आणि स्नायू ताठ तर मागचा भाग राहतो. म्हणजे अहिराणी येणं हा इथे टेक्निकल स्किलचाच भाग आहे. कुठल्याही अभ्यासक्रमात मात्र ते सापडणार नाही.

मग प्रश्न येतो, सगळ्या बायकांची मॅमोग्राफी का नाही करत? इथे गोष्ट महाराष्ट्रातच येते. मुंबईत 1998 साली टाटा मेमोरियलनं एक चाचणी सुरू केली, डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली. 35 ते 64 वयाच्या 1,51,538 बायका. निम्म्या गटाची दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. पण मशीन नाही. ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविकांनी नुसत्या हातानं तपासायचं. वीस वर्षं वाट बघितली आणि 2021 साली निकाल बीएमजेमध्ये छापून आला. तपासलेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडत होता. एकूण मृत्यू 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगही असू शकतो एवढाच होता. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत काही फरक नाही. मला हा अभ्यास यासाठी आवडतो की त्यात गोड गोड काही नाही. कुठे उपयोग झाला आणि कुठे नाही, दोन्ही स्पष्ट लिहिलंय. भारताच्या 2016च्या सरकारी आराखड्यातही तिशीच्या पुढच्या बायकांची तपासणी हातानंच आहे, दर पाच वर्षांनी. मॅमोग्राफी येते ती संशय आल्यावर.

म्हणजे ताईकडे येणारी बाई बहुतेकदा आधीच घाबरलेली असते. तिला कुणीतरी सांगितलेलं असतं की "काहीतरी लागतंय".

एक गोष्ट जाता जाता. परदेशात टेक्नॉलॉजिस्ट मॅमोग्राफीनंतर सोनोग्राफीही करतात. ताईला ते करता येत नाही. गर्भातल्या मुली मारल्या जात होत्या म्हणून महाराष्ट्रानं 1988 साली देशातला पहिला कायदा केला, मग 1994चा केंद्राचा कायदा आला, आणि सोनोग्राफीच्या मशीनला हात लावायचा अधिकार नोंदणी झालेल्या डॉक्टरापुरता राहिला. कारण योग्यच आहे. पण छातीची गाठ बघायलासुद्धा पेशंटला डॉक्टर येईपर्यंत बाहेर बाकड्यावर बसावं लागतं.

आता माझ्या गल्लीतली गोष्ट, एआय. स्वीडनमध्ये 80,000 बायकांवर एक चाचणी झाली, 2023 साली पहिले निकाल आले. एआयची मदत घेतल्यावर फोटो वाचायचं डॉक्टरांचं काम 44 टक्क्यांनी कमी झालं, आणि कॅन्सर सापडायचं प्रमाण घटलं नाही. मी हे ताईला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या एआयला म्हणावं, आधी पेशंटला गाऊन घालायला लाव." तिचा मुद्दा बरोबर आहे. वाचायचं काम कमी झालं, काढायचं एका फोटोनंही नाही.

मेडिकल फोटोची फाईल ज्या फॉरमॅटमध्ये असते त्याला डायकॉम म्हणतात. प्रत्येक मॅमोग्रामच्या फाईलमध्ये शेकडो रकाने असू शकतात. किती व्होल्टेज, दाबल्यावर जाडी किती मिलिमीटर, दाब किती न्यूटन. एक रकाना ऑपरेटरच्या नावाचाही आहे. एआय शिकवण्यासाठी फाईल बाहेर देताना पेशंटच्या नावाबरोबर तो रकानाही रिकामा करतात. खासगीपणाचा नियम आहे, चूक काही नाही. दाब आणि जाडी मात्र तशीच ठेवता येते, आणि एखाद्या सेंटरचे हजारभर फोटो एकाखाली एक लावले की त्या आकड्यांवरून कुणाचा हात सवयीचा आहे हे बऱ्याचदा कळतं, नाव नसलं तरी.