ताजे पीठ आणि जात्याचे श्रम

समुद्रपूरसह वर्धा जिल्ह्याच्या ज्वारीपट्ट्यात पीठ साठविण्याची रीत नव्हती. शिळ्या पिठाची विरी जाते व भाकरी थापताना चिरते. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातदळणाच्या पिठाचा पुरस्कार केला. कोंडा व अंकुर न काढल्याने पोषण टिकते, हे त्याचे प्रतिपादन शास्त्रास धरूनच होते. अंकुरातील तेलामुळे असे पीठ लवकर खवट होते, म्हणून ते ताजेच हवे. मात्र या ताजेपणाचे मोल पहाटे जात्यावर बसणारी स्त्री देत होती, आणि त्या पुरस्कारात तिच्या श्रमांचा हिशेब अपुराच राहिला. पुढे गावोगाव आलेल्या दगडी गिरण्यांतही कोंडा व अंकुर पिठातच राहिले. पायलीभर दळण घटकाभरात होऊ लागले.