दूरच्या यंत्राला धाडलेली विनंती : टेलिटाइपपासून एआय एजंटपर्यंत

१/
११ सप्टेंबर १९४०. अमेरिकेतील हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांचे अधिवेशन भरले होते. तेथे एक टेलिटाइप यंत्र मांडलेले होते. त्यावर संमिश्र संख्यांचे उदाहरण टंकित केले की थोड्याच वेळात त्याच यंत्रावर उत्तर उमटे. गणित करणारे यंत्र मात्र त्या गावातच नव्हते. ते सुमारे ४०० किलोमीटर दूर, न्यूयॉर्कमध्ये होते.

२/
त्या यंत्राचे जनक बेल लॅब्जचे जॉर्ज स्टिबिट्झ. १९३७ मध्ये त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर टेलिफोनचे रिले, छोटे दिवे आणि डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून बेरीज करणारे पहिले मंडल तयार केले होते. डार्टमथच्या प्रेक्षकांत नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली होते. दुसरीकडे असलेल्या गणनयंत्राकडून तारेवरून काम करून घेण्याचे हे पहिले जाहीर प्रात्यक्षिक मानले जाते.

३/
आज एखादा प्रोग्रॅम क्लाउडमधील एआय एजंटला विनंती पाठवतो, तेव्हा घडते ते मुळात हेच. परंतु मधल्या आठ दशकांत या साध्या देवघेवीतून चार अवघड प्रश्न उभे राहिले. विनंती करणारा कोण? उत्तर आलेच नाही तर काम झाले असे समजावे का? आधीचे बोलणे यंत्राला कसे आठवणार? आणि यंत्राच्या हाती किती अधिकार द्यावा?

४/
पहिला प्रश्न ओळखीचा. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांदो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे, वेळेचा कोटा वेगळा आणि खात्याला पासवर्ड. संगणकावरील पासवर्डच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी हे एक.

५/
आणि लगेच १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने आठवड्याचे चार तास पुरेनात म्हणून पासवर्डची सगळी यादीच संगणकाकडून छापून घेतली व इतरांच्या खात्यांवर आपले काम चालवले. कुलूप आणि चोरकिल्ली यांचा जन्म असा जवळजवळ एकाच वेळचा!

६/
आजची एपीआय की ही त्या पासवर्डची वंशज. प्रत्येक विनंतीसोबत अक्षरांची एक लांब साखळी जाते. त्यावरून ओळख पटते, मर्यादा ठरते आणि बिल आकारले जाते. कोटा संपला की सर्व्हर ४२९ हा संकेतांक परत पाठवतो. ‘फार विनंत्या झाल्या’ असा त्याचा अर्थ. २०१२ मध्ये तो प्रमाणित झाला. की उघड्या कोडमध्ये राहून गेली, तर शेर यांची कथा पुन्हा घडते. फरक इतकाच की आता वेळेऐवजी पैसा जातो.

७/
संवाद करणारा प्रोग्रॅमही याच सीटीएसएसवर अवतरला. जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’वरील लेख जानेवारी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची ‘डॉक्टर’ ही भूमिका मानसोपचारतज्ज्ञासारखी समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी. आकलन शून्य, पण परिणाम विलक्षण.

८/
१८ सप्टेंबर १९७२ रोजी तर यंत्रानेच यंत्राशी गप्पा मारल्या. स्टॅनफर्डमधील ‘पॅरी’ हा संशयग्रस्त रुग्णाची नक्कल करणारा प्रोग्रॅम आणि मॅसॅच्युसेट्समधील ‘डॉक्टर’ यांची भेट अर्पानेटवरून घडवण्यात आली. विंट सर्फ यांनी तो संवाद १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. शेवटी डॉक्टरने ३९९ डॉलर २९ सेंट फी मागितली. दूरस्थ संवादाचे बिल येणार, हे तेव्हाच ठरले होते म्हणायचे!

९/
दुसरा प्रश्न शांततेचा. १९८४ मध्ये झेरॉक्स पार्कच्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरच्या संगणकावरील काम स्थानिक फंक्शनप्रमाणे हाकारण्याची पद्धत सविस्तर मांडली. सोय मोठी होती, पण तिच्या पोटात एक पेच होता. उत्तर आले नाही, तर विनंती वाटेत हरवली की काम होऊन उत्तर हरवले? पाठवणाऱ्याला दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात.

१०/
बेरीज दोनदा झाली तर बिघडत नाही. पण एजंटला ‘पुरवठादाराचे पैसे चुकते कर’ असे सांगितले आणि उत्तर न आल्याने कोडने तीच विनंती पुन्हा धाडली, तर पैसे दोनदा जातील. म्हणून जाणते प्रोग्रॅमर अशा प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा दिसला, तर सर्व्हरने काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर परत द्यावे, असा संकेत.

११/
तिसरा प्रश्न स्मृतीचा. २००० मध्ये रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात वेबच्या रचनेचे एक तत्त्व मांडले : प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी, सर्व्हरने मागचे लक्षात ठेवण्याची गरज पडू नये. यामुळे एकच काम हजारो सर्व्हरांत वाटता येते. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने देऊ केली, ती याच वळणाने.

१२/
जून २०२० मध्ये ओपनएआयने जीपीटी-३ हे १७५ अब्ज प्राचलांचे मॉडेल एपीआयमार्फत खुले केले. घरच्या संगणकात न मावणारे मॉडेल दूर ठेवून त्याला विनंती पाठवणे भागच होते. मॉडेल स्वतः मागचे काही आठवत नाही. म्हणून गप्पांचे कोड बहुधा प्रत्येक वेळी आधीचा सगळा संवाद पुन्हा पाठवते. काही सेवा तो सर्व्हरवर जपतात. संवाद लांबतो तसा खर्च वाढतो, त्याचे मूळ येथे आहे.

१३/
१३ जून २०२३ रोजी ओपनएआयने ‘फंक्शन कॉलिंग’ आणले आणि ओघ उलटा वाहू लागला. मॉडेल आता कोडला सांगू लागले : हे फंक्शन, या माहितीसह चालव. कोड ते चालवते, निकाल परत धाडते, मॉडेल पुढची मागणी करते. हे चक्र काम संपेपर्यंत फिरत राहिले की त्याला एजंट म्हणतात.

१४/
असे काम तासभरही चालू शकते. मग सर्व्हर २०२ हा जुना संकेतांक देऊ शकतो : विनंती स्वीकारली, काम अजून व्हायचे आहे. गिरणीत दळणाचा डबा ठेवून यावे आणि झाले का, हे मधूनमधून डोकावून पाहावे, तसे कोड क्रमांक हाती घेऊन विचारत राहते.

१५/
उरला चौथा प्रश्न, अधिकाराचा. एलायझा हा प्रोग्रॅम आहे हे ठाऊक असूनही वायझेनबाउम यांच्या सचिव तिच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. हा प्रसंग त्यांना अस्वस्थ करून गेला. काही निर्णय यंत्राला जमले तरी त्याच्यावर सोपवू नयेत, असे त्यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात बजावले.

१६/
एजंटची रचना पाहिली तर त्या इशाऱ्याला आजही जागा आहे. मॉडेल केवळ मागणी करते. फंक्शन चालवते ते माणसाने लिहिलेले कोड. पैसे पाठवण्याआधी, फाइल पुसण्याआधी तेथे थांबून माणसाची संमती घेता येते. ती ओळ लिहायची की नाही, हे कोणतेही मॉडेल ठरवत नाही. तो निर्णय आजही कोड लिहिणाऱ्याच्याच हाती आहे.