शनिवारी अकरा वाजता कारखान्यात



“पीएचडी कशावर करतोयस?” असं कुणी विचारलं की मी सांगतो, “अमेरिकेत हायस्कूलची मुलं शिकता शिकता कारखान्यात कामाला जायची, त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या शिक्षकांच्या इतिहासावर.” समोरचा माणूस “वा, छान” म्हणतो आणि पावसाचा विषय काढतो. तुम्ही तसं करू नका. आज त्यातलीच एक गोष्ट सांगतो, आणि ती मला एवढी का लागली तेही.

सुरुवात एका कॉलेजपासून होते. 1906 साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने एक नवा प्रयोग सुरू केला. इंजिनिअरिंगच्या 27 मुलांच्या दोन तुकड्या केल्या. एक तुकडी वर्गात असे तेव्हा दुसरी कारखान्यात, मग आठवड्याने अदलाबदल. श्नायडरचं म्हणणं साधं होतं: लाखो रुपयांची यंत्रं कॉलेजने विकत घ्यायची कशाला, ती गावात चालू आहेतच की. फक्त यंत्रावर जे शिकलं जातं आणि फळ्यावर जे शिकवलं जातं, त्यांची गाठ घालून देणारं कुणीतरी हवं. त्यासाठी त्याने एक नवीनच नोकरी तयार केली, ‘को-ऑर्डिनेटर’ची. हा माणूस सकाळी विद्यापीठात असायचा आणि दुपारी कारखान्यांत फिरायचा. मुलगा कोणत्या यंत्रावर आहे, काय करतोय, हे बघायचा आणि वर्गात येऊन त्याच कामामागचं गणित आणि विज्ञान मुलांकडून काढून घ्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, ही तर मोठी मुलं. हायस्कूलचं काय? तिकडेच येतोय.

मॅसॅच्युसेट्स राज्यात फिचबर्ग नावाचं गाव आहे. तिथे यंत्रं आणि करवती बनवणारे कारखाने होते. श्नायडरची योजना तिथल्या कारखानदारांच्या कानावर गेली आणि 1908 साली गावच्या हायस्कूलमध्ये तसाच चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पहिलं वर्ष पूर्ण शाळेत. पुढची तीन वर्षं एक आठवडा शाळा, एक आठवडा कारखाना. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात दोन महिने मुलाला कारखान्यात घालून बघायचे. काम त्याला झेपतंय का, आवडतंय का, हे दोन्ही बाजूंनी पाहायचं आणि मगच पुढे जायचं. मजुरी कामाच्या पहिल्या वर्षी तासाला 10 सेंट, दुसऱ्या वर्षी 11 आणि तिसऱ्या वर्षी साडेबारा.

मुलांच्या जोड्या असत. दोघांत मिळून एक जागा. एक शाळेत असेल तेव्हा दुसरा यंत्रावर. आणि दर शनिवारी अकरा वाजता शाळेतला मुलगा कारखान्यात जायचा. जोडीदाराचं काम कुठवर आलंय, पुढे काय करायचंय, हे समजून घ्यायचा, म्हणजे सोमवारी सकाळी यंत्र अडून राहणार नाही.

कागदपत्रांत ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थांबलोच. का, ते सांगतो.

मी अकरावी-बारावी आपल्याकडच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमातून केली. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी मला एका वर्कशॉपमध्ये पाठवलं होतं. पहिले चार दिवस मी झाडलोट केली आणि चहा आणला. पाचव्या दिवशी लेथजवळ उभा राहिलो तर “लांब उभा राहा” म्हणाले. सर एकदाच आले. मालकाशी पाच मिनिटं बोलले, माझ्या डायरीवर सही केली, “काही अडचण नाही ना?” असं मालकासमोरच विचारलं. मी “नाही सर” म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मार्क चांगले मिळाले. लेथ मात्र आलं नाही.

त्यामुळे फिचबर्ग वाचताना माझ्या लक्षात आलं की देखरेख म्हणजे फक्त भेट देणं नव्हे. तिथे शनिवारी जे व्हायचं त्यात काम आधी समजून घ्यावंच लागायचं. ज्याला सोमवारी यंत्र चालवायचंय तो “सगळं ठीक आहे” एवढ्यावर समाधान मानत नाही. तो विचारतो, “हे इथे का अडलंय?”

पण सगळं गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. ही योजना मुलग्यांपुरतीच होती. आणि कामगार संघटनांच्या मनात धाकधूक होती की शिक्षणाच्या नावाखाली मालकांना स्वस्तात हात मिळतील. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा आग्रह होता की धंदेशिक्षण खासगी मालकांच्या ताब्यात न राहता सार्वजनिक शाळांच्या हाती असावं. ही भीती पोकळ नव्हती. मुलगा यंत्रावर जितका तरबेज, तितका मालकाला फायद्याचा. मग त्याला त्याच यंत्रावर ठेवायचा मोह होणारच. नवीन काम शिकायला दुसरीकडे हलवलं तर उत्पादन घटणार. अशा वेळी “याचं इथलं शिकणं झालं, आता याला पुढचं काम द्या” असं म्हणायला कुणीतरी बाहेरचं लागतं.

माझ्या संशोधनाचा गाभा इथेच आहे. या को-ऑर्डिनेटरच्या हातात ते म्हणण्याची ताकद होती का? कारण पुढच्या वर्षी मुलं पाठवायला त्याला तोच मालक लागणार होता.

पुढच्या साठ वर्षांत कायद्याने ही ताकद हळूहळू कागदावर आणली. 1917च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला. 1936च्या जॉर्ज-डीन कायद्याने दुकानदारी आणि विक्रीची कामंही त्यात आली, म्हणजे शिक्षक आता दुकानांतही जाऊ लागले. 1938च्या कायद्याने बालमजुरीवर बंधनं आली आणि धोकादायक कामांसाठी वय 18 ठरलं. त्या कायद्याखालच्या नियमांत शिकाऊ विद्यार्थ्यांना काही कामांत सूट आहे, पण अटींवर: धोक्याचं काम शिकण्याचाच भाग असावं, थोड्या थोड्या वेळापुरतं असावं, जाणकार माणूस शेजारी असावा, सुरक्षेचे धडे शाळेने द्यावेत आणि कामं कोणत्या क्रमाने शिकवायची ते लिहून ठेवावं. तो करार लेखी हवा आणि त्यावर मालकाबरोबर शाळेचीही सही हवी. काळजी घेतली गेली नाही तर सूट रद्द. 1968च्या दुरुस्तीत तर व्याख्येतच आलं की शाळेतलं शिक्षण आणि नोकरी, दोन्हींचं नियोजन आणि देखरेख शाळा आणि मालक यांनी मिळून करायची.

माझ्या डायरीवरही शाळेची सही होतीच. फरक एवढाच की ती काम झाल्यावर आली. काय काय शिकवायचं हे आधी कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग सरांनी तरी मालकाला कशाच्या जोरावर जाब विचारावा? सरांवर माझा राग होता, तो अभ्यास करता करता बराच कमी झाला. त्यांच्याकडे तेव्हा अशी किती मुलं होती आणि किती वर्कशॉप, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरातलं कुणी अशा कामाला जाणार असेल तर आधी एवढं विचारा: काय काय शिकवणार, ते लिहून दिलंय का? शाळेतून कोण येणार आणि मुलाशी एकट्याशी बोलणार का? आणि तिकडे जे दिसेल त्याबद्दल वर्गात कुणी बोलणार आहे का?

आणि ते मूल संध्याकाळी घरी आलं की “कसं झालं?” विचारू नका. “ठीक” एवढंच उत्तर येईल. “आज काय अडलं?” असं विचारून बघा.