ओझे वाहणाऱ्यांची वाट

काश्मीरचा प्रवास म्हटला की आपल्याकडे शिकारा, सफरचंद आणि बर्फ एवढ्यावरच बोलणे संपते. फार तर कुणी जहांगीर बादशहाच्या बागांची नावे घेते. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही सोलापूरकडचे पाच मित्र काश्मीरला गेलो. आमच्यातले तिघे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. विमानाने श्रीनगर गाठायचे नाही, जम्मूहून मोटारीने राजौरीमार्गे जुन्या मोगल रस्त्याने जायचे, असे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते. ज्या वाटेवरून बादशहांच्या स्वाऱ्या गेल्या ती वाट डोळ्यांनी पाहावी, एवढाच हेतू होता. परत आलो ते मात्र वेगळाच प्रश्न घेऊन. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

अखनूर, नौशेरा मागे टाकले की राजौरीच्या अलीकडे चिंगस नावाचे ठिकाण लागते. तिथे मोगल काळातील सराई आहे. १६२७ साली काश्मीरहून लाहोरला परतताना जहांगीर याच वाटेवर वारला. मृतदेह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी इथे पुरली, अशी परंपरागत समजूत आहे. फारसीत 'चिंगस' म्हणजे आतडी, असा त्या नावाचा अर्थ तिथले लोक सांगतात. सराईच्या अंगणात एक कबर आहे. बादशहाचे उरलेले शरीर लाहोरजवळ शाहदऱ्याला आहे. आमच्यातला एकजण म्हणाला, "बादशहाला दोन कबरी मिळाल्या, पण ज्यांच्या खांद्यावरून तो लाहोरपर्यंत गेला त्यांना एक तरी मिळाली असेल का?" तेव्हा आम्ही हसलो. पण पुढच्या सगळ्या प्रवासात तो प्रश्न आमच्या मोटारीतच बसून होता.

अकबराने १५८६ साली काश्मीर जिंकले आणि १५८९ साली तो स्वतः तिकडे निघाला. त्याच्या आधी कासिम खान या सरदाराला वाट नीट करण्यासाठी पुढे पाठवले होते. दगड फोडणारे, माती ओढणारे लोक त्याच्याबरोबर होते. आज ज्याला मोगल रोड म्हणतात तो बफलियाज ते शोपियान असा ८४ किलोमीटरचा मोटाररस्ता या शतकात बांधला गेला. काही ठिकाणी तो जुन्या वाटेला धरून जातो, काही ठिकाणी सोडून. बहरामगल्ल्यापाशी नूरी छंब हा धबधबा आहे. त्याचे नाव नूरजहानवरून पडले, असे सांगतात. देवदारांच्या रांगा, खाली फेसाळ नाला, वर उन्हाळ्यातही न वितळलेला बर्फ. मोटार प्रत्येक वळणावर थांबवावी, असा हा रस्ता आहे. आम्ही थांबवलीही.

याच वाटेने औरंगजेबही गेला. आम्हा मराठी माणसांना या स्वारीची एक खूण जवळची आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घालून शाहिस्तेखानाची बोटे छाटली. ही खबर बादशहाला मे महिन्याच्या सुरुवातीला काश्मीरच्या वाटेवर मिळाली, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. शाळेत आम्ही लाल महाल शेकडो वेळा शिकवला. पण ती खबर ऐकणारा बादशहा त्या वेळी कुठल्या डोंगराकडे निघाला होता आणि त्याचे सामान कोण वाहत होते, हे कधी शिकवले नाही.

ते लिहून ठेवले फ्रान्स्वा बर्नियर या फ्रेंच वैद्याने. तो या स्वारीबरोबर होता. डोंगराच्या पायथ्याशी भिंबर येथे उंट, बैल मागे ठेवून सगळे सामान माणसांच्या पाठीवर चढवले गेले. एकट्या बादशहासाठी सहा हजारांहून अधिक हमाल होते आणि सगळ्या छावणीसाठी तीस हजार लागतील असा अंदाज होता, असे तो सांगतो. काही हमाल सुभेदाराने व आसपासच्या राजांनी पाठवलेले, तर काही चार पैसे मिळतील म्हणून आपणहून आलेले. वजनावर मजुरीचा दर बादशहाच्या हुकमाने ठरला होता, हेही त्याने नोंदवले आहे.

पुढे पीर पंजालच्या चढणीवर अपघात झाला. एक हत्ती बिथरून मागे सरकला, त्याने मागच्याला ढकलले, त्याने त्याच्या मागच्याला. जनानखान्याच्या स्त्रियांना वाहणारे पंधरा हत्ती दरीत गेले. तीन-चार स्त्रिया मेल्या. हत्ती एकही वाचवता आला नाही. दोन दिवसांनी त्याच जागेवरून जाताना काही हत्ती अजून सोंड हलवत होते, असे बर्नियर लिहितो. त्या स्त्रियांची नावे मात्र त्याच्या पानावर नाहीत.

घाटमाथ्याला पीर की गली म्हणतात. उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. एका पीराची जियारतगाह तिथे आहे. बर्नियरला या माथ्यावर एक म्हातारा फकीर भेटला होता. तो जहांगीराच्या काळापासून तिथे राहत होता आणि त्याचा धर्म कोणता हे कुणालाच ठाऊक नव्हते. आवाज करू नका, आवाजाने वादळ उठते, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावी. जहांगीराने त्याचे न ऐकता नगारे-कर्णे वाजवले आणि तो मरता मरता वाचला. औरंगजेब मात्र मुकाट्याने पार झाला. हे म्हाताऱ्यानेच सांगितलेले. आम्ही तिथे फातिहा पढलो, मिठाचा गुलाबी चहा प्यायलो. चहावाल्याने विचारले, "कुठून आलात?" महाराष्ट्रातून म्हणताच त्याला आश्चर्य वाटले. "तिकडेही मुसलमान आहेत?" आम्ही म्हणालो, "आहेत, आणि मराठी आहेत." त्याने दुसऱ्या कपाचे पैसे घेतले नाहीत.

आता तो प्रश्न. श्रीनगरला हरिपर्वताभोवती अकबराने बांधलेल्या कोटाच्या काठी दरवाजावर फारसी शिलालेख आहे. बांधकामासाठी एक कोटी दहा लाख रक्कम आणि दोनशे हिंदुस्थानी उस्ताद कारागीर पाठवले, इथे कुणाला बेगार करावी लागली नाही, सर्वांना खजिन्यातून मजुरी मिळाली, अशी ग्वाही त्यात आहे. शिलालेख बादशहाचा, तेव्हा तो बादशहाचीच बाजू सांगणार, हे आम्हाला कळते. पण बेगार घेतली नाही हे दगडावर कोरण्याची गरज का पडावी? कारण बेगार ही त्या मुलखातली रोजची गोष्ट होती. जे घडत नसते, ते घडले नाही असे कुणी मुद्दाम कोरून ठेवत नाही.

हे दुखणे मोगलांबरोबर संपले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर लॉरेन्स हा इंग्रज अधिकारी जमीनमहसुलाची मोजणी करण्यासाठी खोऱ्यात गावोगाव हिंडला. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात बेगारीचे वर्णन आहे. गिलगिटच्या फौजेची रसद बर्फाच्या खिंडींतून माणसांच्या पाठीवर जाई. त्यासाठी शेतकऱ्यांना धरून नेत. आपल्याकडचे काही लोक मोगलांचे गोडवे गातात, काही त्यांना शिव्या देतात. दोघांचेही लक्ष हौद्यात बसलेल्याकडे असते. खालून चालणाऱ्याकडे कुणी पाहत नाही.

शोपियानहून आम्ही वेरीनागला उतरलो. हा झेलमचा उगम मानतात. जहांगीराने १६२० च्या सुमारास झऱ्याभोवती अष्टकोनी हौद बांधला. निळेशार पाणी आणि त्यात माशांचे थवे. या भागातल्या एका शाही बागेच्या तळ्याविषयी बर्नियर लिहितो की, तिथले मासे हाक मारली की जवळ येत. त्यांतल्या मोठ्या माशांच्या कल्ल्यांत अक्षरे कोरलेल्या सोन्याच्या कड्या होत्या आणि त्या नूरजहानने घातल्या असे लोक सांगत.

पण आज काश्मीरच्या नाल्यांत जो मासा प्रसिद्ध आहे तो नूरजहानने पाहिलेला नव्हे. तो ट्राउट. तो इंग्रजांनी आणला. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल या गृहस्थाने यात पुढाकार घेतला. १८९९ साली विलायतेतून ड्यूक ऑफ बेडफर्डने दहा हजार अंडी पाठवली. ती वाटेतच मेली. १९०० च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. तिच्यापासून खोऱ्यात ट्राउटची पैदास सुरू झाली. हारवनचे मत्स्यबीज केंद्र हे त्यातले जुने नाव. अंडी थंड आणि ओली ठेवून समुद्रापलीकडून हिमालयात न्यायची म्हणजे रस्ता हवा. रावळपिंडीहून झेलमच्या काठाने गाडीरस्ता त्याआधी नुकताच झाला होता. तो नसता तर मासाही आला नसता, असे आम्हाला वाटते. १९४७ नंतर ती वाट ताबारेषेने तोडली. मासा मात्र राहिला.

पहलगामला लिद्दर नदीत आम्ही फ्लाय फिशिंग पाहिले. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. इथे आमिष म्हणजे आकड्यावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन नसते. म्हणून वजन दोरीला असते आणि काठीच्या हेलकाव्याने दोरीच माशीला लांब नेते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याच्या पुढ्यात ही माशी खऱ्या किड्यासारखी वाहत आली पाहिजे. गुडघाभर थंड पाण्यात एक परदेशी पाहुणा उभा होता आणि काठावर त्याच्यासाठी माशा बांधून देणारा स्थानिक वाटाड्या. ट्राउटच्या पाण्यात परवाना लागतो, जाळे चालत नाही. मासे टिकण्यासाठी हा नियम योग्यच आहे. पण ज्यांचा पिढीजात धंदा जाळ्याचा, त्या हांजी लोकांच्या हाती साहेबाची काठी कधी आली असेल? नाल्यातला मूळचा मासाही या पाहुण्यापुढे मागे हटला. ट्राउट लहान मासे खातो आणि त्यांच्या खाद्यातही वाटेकरी होतो. एक मात्र बरे झाले. कोकरनागच्या मोठ्या केंद्रात आता ट्राउट पैदा होतो आणि काश्मिरी माणूस तो विकत घेऊन घरी शिजवतो. गावोगाव लोकांनी स्वतःचे हौदही केले आहेत. साहेबाच्या करमणुकीचा मासा शंभर वर्षांनी का होईना, ताटात आला.

पहलगामलाच आमच्याकडून एक गोष्ट घडली. वरच्या कुरणाकडे जायला घोडे ठरवले. घोडेवाल्याने भाव सांगितला, आम्ही दोनशे रुपयांवरून अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी तो आमच्या भावाला आला. सबंध चढण तो आमच्या घोड्याचा लगाम धरून चिखलातून चालला. हमालांच्या मजुरीवर गाडीत बसून तावातावाने बोलणारे आम्ही, त्याचे नावही विचारले नाही.

पुढच्या वर्षी, २२ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या त्याच बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार केले. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. आणि पाहुण्यांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असे वाचलेल्यांनी सांगितले. इस्लामचे नाव घेऊन हे करणाऱ्यांचा आम्ही धिक्कार करतो, तो आमच्या सहा मराठी माणसांसाठी आणि त्या घोडेवाल्यासाठीही. बातमी आली त्या रात्री आम्ही पाचही जण फोनवर बोललो. आमचा घोडेवाला तो होता की दुसरा, हे आम्ही कसे सांगणार? आम्ही नाव विचारलेच नव्हते.

इतिहास शिकवणाऱ्यांनी रस्ता कुणी काढला हे जरूर सांगावे. त्याच तासाला ओझे कुणी वाहिले आणि त्याला मजुरी मिळाली का, हेही विचारावे. अकबराच्या शिलालेखाला हा प्रश्न विचारायचा, लॉरेन्सच्या पानांना विचारायचा आणि घरी परतल्यावर आपल्या पाकिटालाही विचारायचा. पुन्हा त्या वाटेने गेलो तर भाव करणार नाही, असे आम्ही ठरवले आहे. आणि लगाम धरणाऱ्याला आधी सलाम करून नाव विचारू.