टिफ्रॅक

टिफ्रॅक (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर) हा भारतात विकसित झालेला पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक मानला जातो. वैज्ञानिक व गणिती आकडेमोडीसाठी तो मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार करण्यात आला. संस्थेचे आवार दक्षिण मुंबईत कुलाबा येथे आहे.

पार्श्वभूमी

होमी भाभा संस्थेचे संचालक असताना रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने हे काम हाती घेतले. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालू झाले, तर पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. ‘टिफ्रॅक’ हे नाव पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी दिले.

रचना

यंत्राची रचना अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील ‘आयएएस’ संगणकावर आधारित होती. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. फेराइट-गाभ्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आलेख व अक्षरे दाखवण्यासाठी कॅथोड किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता.

आज्ञावली व गणनपद्धती

टिफ्रॅकची आज्ञावली ० व १ या अंकांच्या यंत्रभाषेत लिहिली जाई. त्यामुळे प्रत्येक सूत्र बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशा प्राथमिक क्रियांमध्ये आधी मोडावे लागे. उदाहरणार्थ, वर्गमूळ काढण्याच्या न्यूटनच्या रीतीत अंदाजित मूळ आणि दिलेल्या संख्येला त्या मुळाने भागून आलेला भागाकार यांची सरासरी पुनःपुन्हा घेतात. १० चे वर्गमूळ ३ मानून आरंभ केल्यास ३.१६६६६७, ३.१६२२८१ आणि ३.१६२२७८ अशी उत्तरे क्रमाने मिळतात.

मूळ आयएएस यंत्रात संख्या −१ ते १ यांच्या दरम्यान ठेवाव्या लागत. अशा यंत्रावर १० ऐवजी ०.१ चे वर्गमूळ काढून उत्तरास १० ने गुणावे लागते. हे प्रमाण ठरवण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याची असे. ते चुकल्यास यंत्रात बिघाड नसतानाही उत्तर चुकीचे येई.

उत्तरकाळ

संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक आला. १९६५ पर्यंत टिफ्रॅकचा वापर संपुष्टात आला. फोर्ट्रानसारख्या भाषांमुळे सूत्रे बीजगणिताच्या जवळपास जाणाऱ्या स्वरूपात लिहिता येऊ लागली. १९७९ मध्ये आलेल्या ‘व्हिसिकॅल्क’पासून स्प्रेडशीटचा प्रसार झाला. वरील वर्गमूळ स्प्रेडशीटमध्ये काढताना पहिल्या सेलमध्ये ३ लिहून खालच्या सेलमध्ये सूत्र भरतात आणि तेच सूत्र पुढे उतरवतात.

संख्यांचे प्रमाण आता यंत्र स्वतः सांभाळते. मात्र ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. त्यामुळे शेवटच्या अंकांत सूक्ष्म त्रुटी राहते. सूत्र, एकके आणि अपेक्षित अचूकता यांची तपासणी आजही गणन करणाऱ्यालाच करावी लागते.