प्रक्रियकाचा अनुक्रमांक व खासगीपणाचा प्रश्न

इ. स. १९९९ च्या जानेवारीत इंटेल या अमेरिकन कंपनीने पेंटियम-३ या आपल्या नव्या प्रक्रियकाच्या प्रत्येक नगास ९६ बिटांचा स्वतंत्र अनुक्रमांक देण्याचे जाहीर केले. इंटरनेटवरील व्यवहारांत संगणकाची ओळख पटावी, हा त्यामागील सांगितलेला हेतू होता. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, घरातील ‘संगणक’ हे सामान्यनाम न राहता विशेषनाम होणार होते. अशा कायम नावाखाली ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र जोडता येतील, हे ओळखून खासगीपणाच्या पुरस्कर्त्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. तेव्हा अनुक्रमांक बंद ठेवणारी आज्ञावली कंपनीने देऊ केली; परंतु वापरणाऱ्याच्या नकळत तो पुन्हा चालू करता येतो, हा आक्षेप उरलाच. अखेर २००० साली पुढील प्रक्रियकांतून तो वगळण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला.

कामापुरतीच माहिती घ्यावी, हे तत्त्व युरोपीय संघाच्या २०१६ च्या विनियमात स्पष्टपणे नमूद झाले. त्याचे मर्म या प्रकरणात आधीच दिसते. जमविलेल्या माहितीस कुलूप घातले तरी किल्ली दुसऱ्याच्याच हाती राहते; जी माहिती जमविलीच नाही, तिला कुलपाची गरजच नसते.