शेपटीचा कुंचला : ‘ओकामी’ आणि जपानी पुराणकथांचा खेळ

जपानी भाषेत ‘ओकामी’ हा शब्द एका चिन्हाने लिहिला तर त्याचा अर्थ लांडगा होतो आणि दुसऱ्या दोन चिन्हांनी लिहिला तर थोर देव. उच्चार मात्र दोन्हींचा एकच. ओसाका शहरातील कॅपकॉम कंपनीने २० एप्रिल २००६ रोजी प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी जो व्हिडिओ गेम विक्रीस आणला, त्याचे नाव या श्लेषावर बेतलेले होते, कारण त्याची नायिका आमातेरासु ही जपानची सूर्यदेवता असून ती पांढऱ्या लांडग्याच्या रूपात वावरते. ज्यात हातघाईची लढाई असते आणि त्याबरोबरच मुलुख धुंडाळत, कोडी सोडवत पुढे सरकावे लागते, अशा ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ प्रकारात हा खेळ मोडतो. पुराणातील नावे आणि राक्षस उसने घेणारे खेळ त्यापूर्वीही पुष्कळ झाले आणि नंतरही झाले. परंतु कथा रंगवणारा कुंचलाच खेळाडूच्या हाती देण्याचे, आणि देवाचे सामर्थ्य माणसाच्या श्रद्धेवर पोसले जाते ही जुनी समजूत खेळाच्या नियमांत उतरवण्याचे काम ‘ओकामी’ने जितक्या निष्ठेने केले तितके क्वचितच कोणी केले असेल.

ज्या कथांवर हा खेळ उभा आहे, त्या इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ आणि ७२० मधील ‘निहोन शोकी’ या दोन ग्रंथांत नोंदलेल्या आहेत. जपानचे राजघराणे स्वतःला आमातेरासुचे वंशज मानत आले असल्यामुळे या कथांना राजकीय वजनही होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत त्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत राष्ट्राचा इतिहास म्हणून शिकवल्या जात होत्या. १९४५ च्या पराभवानंतर शासन आणि जपानच्या पारंपरिक शिंतो धर्माची देवस्थाने यांची फारकत झाली, आणि देवदेवता हळूहळू चित्रकथा, चित्रपट व खेळ यांच्या मोकळ्या अंगणात आल्या. ज्या देवतेच्या नावाने साम्राज्य चालले तिने पुढे एका खेळात शेतातले मुळे उकरावेत आणि कंटाळा आला की जमिनीवर अंग टाकून झोपावे, यातला बदल किती मोठा होता हे या इतिहासाकडे पाहिल्यावरच उमगते.

पुराणे आणि दंतकथा व्हिडिओ गेममध्ये उतरण्याच्या दृष्टीने १९८६ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी नामको कंपनीने काढलेल्या ‘गेनपेई तोमादेन’मध्ये बाराव्या शतकातील तायरा घराण्याचा योद्धा कागेकियो मृत्युलोकातून परत येऊन शत्रूचा सूड घेतो, ताइतोच्या ‘किकी काइकाई’मध्ये देवळात सेवा करणारी तरुणी भुताखेतांशी झुंजते, आणि निन्टेंडोच्या ‘किड इकारस’मध्ये ग्रीक पुराणातील मेड्युसा अवतरते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निन्टेंडोच्याच शिगेरू मियामोतो यांचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आला. नवे साधन हाती लागले की पूर्वी बंद असलेली वाट उघडते, हा त्यातला क्रम पुढील सगळ्या साहसखेळांचा पाया बनला. ‘ओकामी’चे दिग्दर्शक हिदेकी कामिया यांनी ‘झेल्डा’चे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

कामिया यांचा जन्म १९७० साली डोंगरांनी वेढलेल्या नागानो प्रांतातील मात्सुमोतो शहरात झाला. कॅपकॉममध्ये त्यांनी १९९८ साली ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा भयखेळ आणि २००१ साली ‘डेव्हिल मे क्राय’ हा तलवारबाजीचा खेळ दिग्दर्शित केला होता. रक्त, अंधार आणि वेग ही त्यांची ओळख होती. त्यानंतर या गृहस्थांनी फुले, ऊन आणि वारा यांचा खेळ करायला घ्यावा, हे तेव्हा अनेकांना अनपेक्षित वाटले असणार. जुलै २००४ मध्ये कॅपकॉमने क्लोव्हर स्टुडिओ ही स्वतःच्या मालकीची छोटी कार्यशाळा स्थापन केली. तिथे निर्माते अत्सुशी इनाबा आणि ज्येष्ठ दिग्दर्शक शिंजी मिकामी यांच्यासोबत कामिया काम करू लागले. ‘ओकामी’च्या आरंभीच्या नमुन्यात एक लांडगा हुबेहूब छायाचित्रासारख्या रंगवलेल्या रानातून धावतो आणि त्याच्या पावलांमागे फुले उमलत जातात, एवढेच होते. दृश्य सुंदर असले तरी त्यात खेळण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि इतके खरे रान सतत दाखवत राहण्याची ताकद प्लेस्टेशन २ मध्ये नव्हती. मग चमूतील एका चित्रकाराने जुन्या जपानी शैलीत कुंचल्याने आमातेरासु रेखाटली, आणि सगळ्या खेळाचे रूपच बदलले. यंत्राची मर्यादा आड आली नसती तर हा खेळ कदाचित इतर अनेक खेळांसारखाच दिसला असता.

ही शैली ‘सुमि-ए’ या नावाने ओळखली जाते; काजळीच्या शाईत पाणी कमीअधिक मिसळून एकाच कुंचल्याने गडद व फिकट रेषा काढण्याची ही पद्धत झेन भिक्षूंच्या हातून चीनमधून जपानात आली आणि पंधराव्या शतकात सेश्शू या चित्रकाराने तिला कळसाला नेले. ‘ओकामी’त डोंगर, झाडे आणि माणसे यांच्या कडा जाडबारीक होत जाणाऱ्या शाईच्या रेषांनी बांधलेल्या असतात, पृष्ठभागावर हातकागदाचा पोत दिसतो, आणि उडणारे पाणी व लाटा पाहताना एदो काळातील ठोकळाछपाईच्या चित्रांची आठवण होते. पण खरी किमया याच्या पुढची आहे. खेळाडूने एक कळ दाबून धरली की चालते जग जागच्या जागी थांबते, रंग विरून पडद्याचा कागद होतो आणि त्यावर एक कुंचला येऊन थांबतो. हा कुंचला म्हणजे आमातेरासुची शेपटी. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो, चंद्रकोर काढली की रात्र होते, शत्रूच्या अंगावरून आडवी रेघ ओढली की तो चिरला जातो, वाळलेल्या झाडाभोवती गोल काढला की ते फुलून येते. शाईच्या दौती मोजक्याच असतात, आणि शाई पार संपली तर अंगावरची लाल नक्षी पुसली जाऊन ती देवता काही काळ साधा पांढरा लांडगा होऊन राहते. गावातल्या कोणालाही ती नक्षी दिसत नाही, त्यांच्या लेखी तो एक लांडगाच असतो; ती दिसते खेळाडूला, आणि सोबतच्या इस्सुन नावाच्या टीचभर भटक्या चित्रकाराला.

कुंचल्याच्या तेरा विद्या आहेत. सूर्य उगवण्याची विद्या आमातेरासुची स्वतःची, आणि उरलेल्या बारा तिच्यापासून दुरावलेल्या बारा देवांकडे विखुरलेल्या आहेत. पूर्व आशियातील बारा वर्षांच्या प्राणिचक्रावरून हे देव घेतले आहेत. त्या चक्रातील कुत्र्याच्या जागी लांडगा, म्हणजे आमातेरासु स्वतः, उभी आहे आणि मोकळ्या जागी मांजर आले आहे. तिची शस्त्रेही अशीच विचारपूर्वक निवडलेली आहेत. आरसा, वक्र मण्यांची माळ आणि तलवार या तीन वस्तू जपानच्या सम्राटपदाची पवित्र चिन्हे मानल्या जातात, आणि खेळातील शस्त्रांचे प्रकारही नेमके हेच तीन आहेत. ‘कोजिकी’त भाऊ सुसानोओ याच्या धुमाकुळाला विटून आमातेरासु गुहेत दडते तेव्हा जग काळोखात बुडते, आणि देव गुहेच्या तोंडाशी आरसा टांगून तिला बाहेर काढतात; खेळात तोच आरसा तिच्या पाठीवर ज्वाळांच्या कड्यासारखा फिरत राहतो.

सुसानोओची कथा मात्र निर्मात्यांनी पुरती उलटवली. मूळ कथेत तो इझुमो प्रदेशात उतरतो, आठ घडे दारू पाजून आठ तोंडांच्या ओरोची सर्पाला झिंगवतो, त्याला ठार करून कुशिनादा-हिमे हिला वाचवतो, आणि सर्पाच्या शेपटीत त्याला ती पवित्र तलवार सापडते. खेळातला सुसानो हा पराक्रमी पूर्वजाचे नाव लावणारा, दारू पिऊन बढाया मारणारा भित्रा गडी आहे. तो लाकडी तलवार उगारतो तेव्हा आमातेरासु मागून कुंचल्याची रेघ ओढते आणि खडक दुभंगतो, त्याला मात्र वाटते की हे आपल्याच मनगटाचे बळ. कुशी ही दारू गाळणारी कर्तबगार बाई आहे. पुढे ओरोचीसमोर तोच सुसानो खरोखर उभा राहतो, आणि आधीची थट्टा त्या क्षणासाठी होती हे कळते.

युद्धांइतकेच महत्त्व या खेळात लहानसहान उपकारांना आहे. एखाद्या म्हातारीची कपडे वाळत घालायची काठी हरवलेली असते, ती रेघ ओढून पुरी करून द्यायची आणि सूर्य काढून कपडे वाळवायचे. चिमण्यांना दाणे, रानडुकरांना चारा घालायचा. सुकलेली झाडे फुलवायची. यातून जी कृतज्ञता जमते तीच देवतेची शक्ती वाढवते, शत्रू मारून ती मिळत नाही. जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा विठोबा ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला असा देव परका वाटणार नाही. शेवटच्या लढाईत सर्व बळ हरपून आमातेरासु पडते तेव्हा गावोगाव तिची चित्रे पोहोचवणारा इस्सुन लोकांना तिची ओळख पटवून देतो, आणि त्यांच्या प्रार्थनेने ती पुन्हा उठते. म्हणजे देवाला जिवंत ठेवणारा शेवटी चित्रकारच असतो.

लांडग्याची निवड इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. जुन्या जपानात शेतकरी लांडग्याला पिकांचा राखणदार मानत, कारण तो हरणे आणि रानडुकरे मारी. साइतामा प्रांतातील मित्सुमिने देवस्थानात आजही सिंहाकृती रक्षकांऐवजी लांडग्यांच्या मूर्ती बसवलेल्या आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकात रोगराई आणि शिकार यांमुळे त्यांची संख्या घटत गेली, आणि १९०५ च्या जानेवारीत नारा प्रांतातील वाशिकागुची येथे मिळालेला मृत नर हा जपानी लांडग्याचा अखेरचा नमुना ठरला. त्याचे कातडे लंडनच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर एका शतकाने तो देव म्हणून परतला, पण पडद्यावर.

भारतीय वाचकाला खेळातील देव-राक्षसांच्या गर्दीत ओळखीचा एक धागा सापडतो. खेळातील नऊ शेपट्यांची कोल्हीण ज्या दंतकथेवरून घेतली आहे, त्या कथेप्रमाणे ती जपानात येण्यापूर्वी चीनमध्ये आणि भारतात सुंदर स्त्रीचे रूप घेऊन राजांना भुलवत होती. भारतात तिने ज्या हानझोकु राजपुत्राला नादी लावले तो म्हणजे महाभारतात आणि जातककथांत येणारा कल्माषपाद. खेळातील उत्तरेकडच्या हिमप्रदेशाचे ‘कामुई’ हे नावही असेच बाहेरचे, ते ऐनू लोकांच्या भाषेतील देववाचक शब्दावरून घेतलेले आहे. ऐनू हे जपानचे मूळ रहिवासी असल्याचा ठराव जपानच्या संसदेने २००८ साली, म्हणजे हा खेळ आल्यानंतर दोन वर्षांनी केला.

खेळाची वाहवा झाली, अनेक नियतकालिकांनी त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट ठरवले, आणि तो खपला मात्र थोडा. इतका थोडा, की पुढे गिनेसच्या विक्रमग्रंथात वर्षाचा सर्वोत्तम ठरलेल्या खेळांपैकी सर्वांत कमी व्यावसायिक यश मिळालेला म्हणून त्याची नोंद झाली. ऑक्टोबर २००६ मध्ये कॅपकॉमने क्लोव्हर बंद करण्याची घोषणा केली आणि मार्च २००७ मध्ये ती संस्था संपली. २००८ साली अमेरिकेत निन्टेंडोच्या वी यंत्रासाठी आवृत्ती निघाली, तीत हातातील साधन हवेत फिरवून कुंचला चालवता येई. पण तिच्या शेवटी मूळची श्रेयनामावली नव्हती, कारण तीत क्लोव्हरचे बोधचिन्ह होते आणि ते वापरण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही असे कंपनीने सांगितले. चित्रकारामुळे देव जगतो असे सांगणाऱ्या कलाकृतीतून चित्रकारांचीच नावे गळावीत, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. व्हिडिओ गेमच्या धंद्यात निर्मात्यांचे श्रम किती सहज पुसले जातात याचा याहून ठळक दाखला मिळणे कठीण.

क्लोव्हरमधून बाहेर पडलेल्यांनी प्लॅटिनमगेम्स ही नवी संस्था उभारली. ‘ओकामी’वर काम केलेल्या ताकेयासु सावाकी यांनी २०११ साली हनोखाच्या प्राचीन यहुदी ग्रंथावर आधारलेला ‘एल शद्दाइ’ केला, तर व्हॅनिलावेअर या दुसऱ्या संस्थेचे जॉर्ज कामितानी यांनी २००९ साली ‘मुरामासा’ या शापित तलवारीच्या खेळात जपानी भुतेखेते उतरवली. पुराणांवर बेतलेल्या अशा खेळांत सर्वांत लांबचा प्रवास २०१२ च्या ‘असुराज् रॅथ’चा आहे. फुकुओकाच्या सायबरकनेक्ट२ने घडवलेल्या या खेळाचा नायक असुर सहा हातांनी लढतो, त्याचा सोबती याशा म्हणजे यक्ष, आणि माणसांच्या प्रार्थनेतून मिळणाऱ्या शक्तीला तिथे ‘मंत्र’ म्हणतात. संस्कृतातील असुर बौद्ध धर्माबरोबर पूर्वेला गेला आणि धर्मरक्षक झाला. नारा येथील कोफुकुजी मंदिरात इ. स. ७३४ मध्ये घडवलेली, तीन मुखांची, सहा हातांची त्याची लाखकामाची कोवळी मूर्ती आजही आहे. त्या मूर्तीच्या चेहऱ्यावरची किंचित आठी आणि खेळातील असुराचा ज्वालामुखीसारखा संताप यांच्यात अंतर मोठे असले, तरी घराणे एकच आहे.

‘ओकामी’च्या सुधारित आवृत्त्या २०१२, २०१७ आणि २०१८ साली नव्या यंत्रांसाठी निघत राहिल्या आणि मूळ यंत्रावर तो कधीच न खेळलेली नवी पिढी त्याच्याशी जोडली गेली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कामिया यांनी प्लॅटिनमगेम्स सोडली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लॉस एंजलिस येथील खेळ-पुरस्कारांच्या सोहळ्यात ‘ओकामी’च्या पुढच्या भागाची घोषणा झाली. प्रकाशक पुन्हा कॅपकॉम, दिग्दर्शक पुन्हा कामिया, आणि त्यांच्या नव्या कार्यशाळेचे नाव क्लोव्हर्स.